अब्बांच्या इंजिनाची बैठक

आमच्या घराच्या माळ्यावर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. दर रमजानच्या आधी घराची साफसफाई निघाली की तो खाली यायचा, अम्मी त्यावरची धूळ पुसायची आणि तो परत वर जायचा. उघडायचा नाही असा नियम कोणी केला नव्हता, पण उघडत कोणी नव्हतं. आत अब्बांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं वाफेचं एक इंजिन होतं.

खेळण्यातलं नव्हे. अब्बा टर्नर होते. एका खासगी कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लेथ चालवला. 1988 ते 1994 या काळात, शिफ्ट संपल्यावर, शेठची परवानगी घेऊन, भंगारातल्या पितळेच्या आणि बिडाच्या तुकड्यांतून त्यांनी ते बनवलं. आडवा सिलिंडर, बोअर 20 मिलिमीटर, स्ट्रोक 25. फ्लायव्हील बिडाचं, तळहातात मावेल एवढं. शेजारी तांब्याचा बॉयलर, चांदीच्या डाखानं जोडलेला. कथलाचा डाख का नाही, हे त्यांनी मला लहानपणीच सांगितलं होतं: बॉयलरमधलं पाणी संपलं आणि खाली बत्ती चालू राहिली, तर कथील वितळतं आणि जोड सुटतो. जुन्या काळी जिनिंगचे कारखाने ज्या आडव्या इंजिनांवर चालत, त्यांची ही लहान प्रतिकृती.

मग ते डब्यात का? कारण त्याला बैठक नव्हती. इंजिन आणि बॉयलर एकाच लाकडी फळीवर पक्के बसल्याशिवाय वाफेची नळी जोडता येत नाही. अब्बांनी सगळं केलं, तेवढी फळी केली नाही. विचारलं की म्हणायचे, "लोहा-पीतल पूछो. लकडी का काम अपना नै." एखाद्या सुताराला सांगू म्हणाले, आणि ते सांगणं तीस वर्षं राहून गेलं. मुलींची शिक्षणं, लग्नं, अम्मीचं आजारपण. ज्या घरात जेवणाचं टेबल नव्हतं, तिथं इंजिनाला बैठक कुठून येणार?

अब्बांना वाफेचं वेड कुठून आलं, हे सांगायला हवं. आमचे दादा बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. दादांच्या डब्यातली भाकरी इंजिनाच्या तापलेल्या पत्र्यावर गरम व्हायची, ही आमच्या घरातली सर्वांत जुनी गोष्ट. अब्बा कामासाठी पुण्याला आले, घोरपडे पेठेत खोली घेतली आणि स्वारगेटचेच झाले. एसटीच्या हॉर्नमध्ये आम्ही वाढलो. पण अब्बांच्या कानात शिट्टी कुर्डुवाडीचीच.

गेल्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्यानं म्हणाले, "बेटा, वो डब्बा उतार." इंजिन बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं, बोटानं फ्लायव्हील फिरवलं. ते फिरलं. त्यांचं बोट मात्र थरथरत होतं. वय शहात्तर. आता त्यांच्यानं स्वतः काही होणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं असावं.

मी म्हटलं, "अब्बा, बैठक मी करते."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बाकी काही बोलले नाहीत.

या पाहण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. सातवीत असताना मी त्यांच्यासोबत कारखान्यात जायचा हट्ट धरला होता. मला लेथ बघायचा होता, जमलं तर फिरवायचाही होता. तेव्हा ते म्हणाले होते, "तेरे हात खडू के हैं. काले करने के नै." मी बीएड झाले, उर्दू आणि मराठी शिकवू लागले, हात खडूचेच राहिले. त्यांच्या मनासारखं झालं. माझ्या मनात काय होतं हे मीही विसरून गेले होते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी दुपारी मी सेव्हन लव्हज चौकातून पुढे टिंबर मार्केटला गेले. शंकरशेठ रस्त्यानं मी वर्षानुवर्षं जाते, पण कधी आत वळले नव्हते. दुकानदारानं विचारलं, "काय करायचंय मॅडम, पोळपाट?" मी माप सांगितलं: चौदा इंच लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड, सागवान. त्यानं एक देखणी फळी काढून दिली. नंतर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, "सागवान बरोबर निवडलंत. त्यात तेल असतं, पाण्याला दाद देत नाही, लोखंडालाही त्रास देत नाही. बाभळीवर लोखंड ठेवलं तर काळं पडतं." फळी ओली आहे का, हे मी विचारलं नाही आणि ती त्यांनी हातातही घेतली नाही.

मिस्त्रींच्या दुकानात संध्याकाळी तासभर मी शिकू लागले. रंधा धरायचा कसा, कोणत्या बाजूनं मारायचा, रेषे उलटे असले की लाकूड कसं ओरबाडलं जातं. भाषा शिकवणारीला तिथं एक वेगळीच मजा सापडली. मिस्त्री म्हणत 'रंधा', अब्बा म्हणत 'रंदा'. मिस्त्री 'गुण्या', अब्बा 'गुनिया'. बरमा, पेच, मेख तर दोघांचे अगदी तेच. हे सगळे शब्द फारसीतून आले आणि सुताराच्या पेटीत असे मुरले, की मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "छे, हे आमचे आजोबांपासूनचे शब्द." बरोबरच आहे, आजोबांपासूनचेच आहेत. त्याच पेटीतली करवत मात्र संस्कृतातल्या करपत्रावरून आली. आमच्या स्वारगेटमधला 'स्वार'ही फारसी आणि 'गेट' इंग्रजी, पण पत्ता सांगताना कोणाला अडत नाही. वर्गात मी मुलांना तत्सम, तद्भव आणि परभाषी शब्दांचे तक्ते करायला लावते. यंदा त्यांना एकेका कारागिराच्या पेटीतली नावं लिहून आणायला सांगितली.

पहिली बैठक जुलैअखेर झाली. कडा गोल केल्या, पॉलिश पेपर मारला, भोकं पाडली, इंजिन बसवलं. मला फार छान वाटली. ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस अब्बांनी फ्लायव्हील फिरवलं आणि थांबले. "अटक रहा है."

फळीला बाक आला होता. पावसाळ्यात घेतलेलं ओलं लाकूड उन्हाळी हवेत सुकलं आणि त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या गेल्या. लाकूड लांबीत जवळजवळ आहे तेवढंच राहतं, फुगतं-आकसतं ते रुंदीत, हे मला तेव्हा कळलं. इंजिन ज्या पितळी पट्टीवर बसवलंय ती जेमतेम तीन मिलिमीटर जाड. चारी बोल्ट पक्के आवळलेले. फळी वळली, तिनं पट्टीला वळवलं. सिलिंडर आणि क्रँकचं बेअरिंग यांची रेघ मोडली. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं, पण अब्बांच्या बोटाला कळलं. थरथरणाऱ्या बोटाला.

मी रडवेली झाले. ते रागावले नाहीत. म्हणाले, मोठ्या इंजिनांना दगडाचं नाहीतर काँक्रीटचं फाउंडेशन का लागतं? फ्लायव्हील फिरतं, पिस्टन पुढं-मागं झटके देतो, ते झटके कुणीतरी पोटात घ्यावे लागतात. "फाउंडेशन नै तो इंजिन चलता नै, चलने लगता है." म्हणजे जागेवर चालत नाही, जागा सोडून चालायला लागतं. स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसत होते.

दुसऱ्या बैठकीआधी मी त्यांना कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये घेऊन गेले. 1998 पासून ते सुरू आहे, पण आमचं जाणं झालं नव्हतं. स्वारगेटला भुयारी मेट्रो आल्यापासून अब्बांनाही ती बाजू जवळ वाटू लागली आहे. डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलली, उतरल्यावर रिक्षा केली. माझा हेतू होता मांडणी बघण्याचा. काचेआड ठेवलेली मॉडेल्स कशी उठून दिसतात, बैठकीचा रंग कसा असावा. अब्बा मात्र चालणाऱ्या गाड्यांसमोरून हलेनात. खेळ संपला, दिवे लागले, तरी ते रुळांकडे पाहत उभे. बाहेर आल्यावर म्हणाले, "शीशे में रखने का हो तो लकडी का इंजिन बना लेता."

तिथं मला पहिल्यांदा कळलं, की आम्ही दोघं दोन वेगळ्या बैठका करत होतो. मला हवी होती ती दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवायची, पाहुण्यांनी विचारावं आणि मी सांगावं, "अब्बांनी केलंय." त्यांना हवी होती ती गळणारं तेल, टपकणारं पाणी आणि बत्तीची आच सोसणारी. स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर उभी केलेली जुनी इंजिनं आपण बघतो, फोटो काढतो. अब्बा अशा इंजिनाकडे बघत नाहीत. फायरमनच्या मुलाला थंड बॉयलर बघवत नसावा.

दुसऱ्या वेळी लाकूड जुनं घेतलं. पुण्यात वाडे पाडले जातात, त्यांच्या तुळया आणि खांब विकायला येतात. पन्नास-शंभर वर्षं छताखाली मुरलेलं सागवान, त्याला जेवढं वळायचं तेवढं ते वळून झालेलं असतं. एका तुळईचा तुकडा मिळाला. रंधा मारताना आतला जुना खिळा लागला आणि मिस्त्रींच्या पात्याचा तुकडा उडाला. "जुन्या लाकडाला आधी लोहचुंबक फिरवायचं," असं ते मला पाते मोडल्यावर म्हणाले. पात्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी त्यांच्या नातीची दहावीची मराठीची तयारी करून देते आहे.

या वेळी बोल्टची भोकं गोल नाही, फळीच्या रुंदीच्या दिशेनं थोडी लांबट केली, म्हणजे लाकूड फुगलं तर बोल्ट सरकेल, पट्टीला ओढणार नाही. बोल्टची डोकी खालून खोल बसवली. चार कोपऱ्यांना रबरी पाय लावले. पॉलिश मात्र मी माझ्या हौशीनं केलं. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं, दहा-बारा हात. आरशासारखं झालं. अब्बा म्हणाले, "चमक तो है." त्यांच्या बोलण्यातला 'तो' मी ऐकला नाही.

बत्ती स्पिरिटची. पहिल्याच दिवशी भरताना चमचाभर सांडलं. चपडा ज्या स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यातच तो परत विरघळणार, हे मला कळायला हवं होतं. फडकं फिरवलं तर पॉलिश फडक्यावर आलं. उरलेल्या भागावर वाफेचं गरम पाणी टपकलं, तिथं पांढरे डाग. दहा-बारा हातांची मेहनत पाच मिनिटांत गेली.

त्या संध्याकाळी मी सगळं खरवडून काढत बसले होते आणि अब्बा शेजारी बसून सूचना देत होते. इंजिनाखाली पितळेच्या पत्र्याचा उथळ ट्रे कर, कडा तीन मिलिमीटर वर उचल, म्हणजे तेल आणि पाणी त्यात राहील. बत्तीखालचा पत्रा लाकडाला टेकवू नको, खाली वायसर घालून हवेला जागा ठेव. पॉलिश पीयूचं कर. पितळेचा स्क्रू सागवानात एकदम पिळू नको, डोकं तुटून हातात येईल. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून आत घाल, काढ, मग पितळेचा बसव. ज्याला 'लकडी का काम' येत नव्हतं, त्या माणसाला हे सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "पुढच्या बाजूला पितळेची पाटी लावू. तुमचं नाव घालू. खाली काय लिहू?"

ते सहज म्हणाले, "लिखना क्या है? सुपरवायझर लिख दे." आणि हसले.

माझा हात थांबला.

बीएडच्या प्रवेशाचा फॉर्म मी याच घरात, याच दिव्याखाली भरला होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'सुपरवायझर' असं इंग्रजीत लिहिलं. बरोबरच्या मुलींचे वडील शिक्षक होते, बँकेत होते, एकीचे वकील. टर्नर हा शब्द लिहायला माझं पेन तयार झालं नाही. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. मी मनाशी म्हटलं, अब्बांना इंग्रजी कुठं येतं. ते उर्दू शाळेत शिकलेले. पण एकतीस वर्षं जो माणूस इंग्रजी ड्रॉइंग वाचून माल काढतो, त्याला इंग्रजी अक्षरं वाचता येतात, हे मी सोयीनं विसरले. त्यांनी फॉर्म वाचला. सही केली. पेनाला टोपण लावून मला परत दिलं. त्यानंतर चोवीस वर्षांत त्या विषयावर एक शब्द नाही. आत्ता हा पहिला.

मला माफी मागता आली नाही. खरं सांगते, वर्गात मी मुलांना श्रमाच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावते, चांगल्या निबंधांना शाबासकी देते. आमच्या समाजात शिकलेल्या पहिल्या पिढीला एक घाई असते. आपण कुठून आलो ते लवकरात लवकर पुसायची. घरातला कारागीर आधी फॉर्मवर पुसला जातो, मग बोलण्यातून, मग त्याची हत्यारं भंगारात जातात. आणि मग आपणच व्याख्यानांत म्हणतो, की आपल्या लोकांकडे हुन्नर होतं, ते कुठं गेलं? आमच्या घरापुरतं उत्तर मला माहीत आहे. ते माळ्यावर डब्यात होतं आणि त्याच्या बैठकीचं बघायला मला वेळ नव्हता.

बाहेरच्यांनी पुसणं वेगळं, त्याबद्दल आपण बोलतो. 1907 साली सुरू झालेली माथेरानची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभी केली, वडील सर आदमजींच्या पैशानं, हे शाळेच्या सहलीत मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटतं. मला ते सांगताना अभिमान वाटतो. पण पीरभॉयांचं नाव सांगणं सोपं आहे. त्यांच्या गाडीत कोळसा टाकणाऱ्याचं, बुशिंग घासून बसवणाऱ्याचं नाव सांगायला वेगळी हिंमत लागते, विशेषतः तो आपला बाप असेल तर.

पाटी मी करून घेतली. करणाऱ्याकडे मराठी आणि इंग्रजी अक्षरं होती, उर्दू नव्हती. म्हणून अब्बांचं नाव मी स्वतः उर्दूत कागदावर लिहून दिलं, त्यानं ते पितळेवर कोरलं. खाली मराठीत एकच शब्द: टर्नर. त्याखाली अब्बांच्या सांगण्यावरून बोअर 20, स्ट्रोक 25. "जॉबकार्ड पे यही लिखते थे," ते म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाल्कनीत इंजिन लावलं. आदल्या दिवशी बॉयलरची पाण्याची परीक्षा झाली. पूर्ण पाण्यानं भरून, हातपंपानं साठ पाउंडांपर्यंत दाब नेला आणि अर्धा तास ठेवला. चालवायचं होतं तीस पाउंडांवर. पाण्यानं भरलेला बॉयलर फाटला तरी पाणी गळतं, वाफेचा फाटला तर माणूस जातो, म्हणून आधी पाणी. काटा हलला नाही. 1994 चा डाख जसाच्या तसा होता.

बत्ती पेटवली. सात-आठ मिनिटं काहीच नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला. अब्बांनी वाफ सोडली, सिलिंडरच्या तोंडून आधी पाणी थुंकलं गेलं, त्यांनी बोटानं फ्लायव्हीलला एक हलका धक्का दिला आणि ते सुटलं. माझा धाकटा ओरडला. खालून एसटी वळत होती, तिच्या आवाजात इंजिनाचा आवाज ऐकू येईना, पण हात ठेवला की बैठकीत तो लागत होता. मी हात ठेवूनच होते. बैठक जागची हलली नाही. ट्रेमध्ये तेल आणि पाणी साचत होतं, लाकूड कोरडं होतं.

अकरा मिनिटं चाललं. बत्ती अब्बांनीच विझवली. इंजिन निवल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच बैठक नीट पाहिली. कडेवरून अंगठा फिरवला, उचलून खालचे बोल्ट पाहिले, गुण्या मागवून कोपरे तपासले. मग पाटीशी थांबले. उर्दूतलं नाव वाचलं, खालचा शब्द वाचला. बराच वेळ.

"डाव्या स्क्रूची खाच तिरकी आहे," ते म्हणाले. मराठीत, मिस्त्रींना सांगावं तसं. "दोन्ही खाचा उभ्या पाहिजेत."

मी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि खाच सरळ केली.